पाण्याने वेढलेला सुसिनिओचा किल्ला

(इतिहास-परिचय. इयत्ता सातवी)



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एकेका जुन्या वास्तूची माहिती जमवायला सांगितली. कुणाला लेणी मिळाली, कुणाला बारव मिळाली. मला मिळाला थेट फ्रान्स देशातला एक किल्ला. गुरुजी म्हणाले, "किल्ला कुणी बांधला एवढंच लिहून थांबू नकोस. तो पडला कसा आणि पुन्हा उभा कुणी केला, तेही लिही. तोच खरा धडा आहे." म्हणून मी या लेखात तिन्ही गोष्टी लिहिते. शेवटी एक प्रयोग आणि काही प्रश्न आहेत. ते सोडू नका हं.

किल्ला कोठे आहे?

वर्गातला युरोपचा नकाशा काढून बघा. फ्रान्सच्या पश्चिमेला जमिनीचा एक तुकडा नाकासारखा अटलांटिक महासागरात पुढे आलेला दिसेल. त्या भागाला ब्रिटनी म्हणतात. आपल्याकडे जसे जिल्हे, तसे फ्रान्समध्ये 'देपार्तमाँ' असतात. राज्यक्रांतीच्या वेळी, सन १७९० मध्ये, त्यांची आखणी झाली. ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या अशा एका जिल्ह्याचे नाव मॉर्बिहां. तिथल्या ब्रेटन भाषेत 'मोर' म्हणजे समुद्र आणि 'बिहान' म्हणजे छोटा. म्हणजे 'छोट्या समुद्राचा जिल्हा'. आणि खरोखरच तिथे जमिनीने जवळजवळ वेढलेली एक खाडी आहे.

त्या खाडीच्या आणि महासागराच्या मध्ये रुईस नावाचे एक अरुंद द्वीपकल्प आहे. तिथल्या सार्झो या गावाच्या हद्दीत सुसिनिओचा किल्ला उभा आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पाणथळ जमीन. डोंगर नाही, कडा नाही. सपाट जागेवर बांधलेला, आपण ज्याला भुईकोट म्हणतो तसा हा कोट आहे. भुईकोटाला डोंगराचा आधार नसतो. मग शत्रूला अडवायचे कशाने? तर पाण्याने. किल्ल्याच्या भोवती खंदक आहे. ज्यांनी अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा भुईकोट पाहिला आहे, त्यांना खंदक म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

किल्ला कुणी बांधला?

त्या काळी ब्रिटनी हे फ्रान्सच्या राजाला मान देणारे, पण आपला कारभार आपणच पाहणारे राज्य होते. त्याच्या राज्यकर्त्याला ड्यूक म्हणत. सुमारे १२१८ साली पिएर द द्र या ड्यूकच्या काळात सुसिनिओला पहिला वाडा झाला. तेव्हा आपल्याकडे देवगिरीला यादवांचे राज्य होते, हे लक्षात ठेवले म्हणजे काळ डोळ्यांसमोर येतो.

सुरुवातीला तो लढाईचा किल्ला नव्हता. रुईसच्या द्वीपकल्पावर तेव्हा दाट रान होते आणि रानात शिकार भरपूर. ड्यूक आपल्या लवाजम्यासह शिकारीला यायचा, तेव्हा उतरायला घर पाहिजे, म्हणून हा वाडा. पिएरचा मुलगा पहिला जाँ याने तो वाढवला. त्याच्या तांबड्या दाढीवरून लोक त्याला 'तांबडा जाँ' म्हणत. इ. स. १२३७ ते १२८६ अशी जवळजवळ पन्नास वर्षे तो ड्यूक होता. एवढ्या काळात शिकारीच्या वाड्याला राजवाड्याचे रूप आले.

खंदक काम कसा करतो?

हा भाग मी नीट समजून घेतला, कारण मला वाटायचं की खंदक म्हणजे नुसता खड्डा आणि त्यात पाणी. पण त्याचे उपयोग पुष्कळ आहेत.

पहिला उपयोग. तटाला शिडी लावायची तर शिडीचे पाय जमिनीवर टेकले पाहिजेत. खाली पाणी आणि चिखल असला तर शिडी टेकवणार कशावर? त्या काळी शत्रू लाकडाचे उंच मनोरे चाकांवर ढकलत तटापर्यंत आणीत. खंदकामुळे तेही लांबच राहत.

दुसरा उपयोग तर याहून मोठा. तट पाडायची त्या काळची एक खात्रीची युक्ती होती. लांबून जमिनीखाली भुयार खणत तटाच्या पायापर्यंत जायचे, पाया लाकडी टेकूंवर तोलायचा आणि टेकूंना आग लावायची. टेकू जळाले की वरचा तट खाली बसला. पण मध्ये पाण्याचा खंदक असला की भुयारात पाणी शिरते आणि खणणाऱ्यांना बाहेर पळावे लागते. म्हणजे पाणी नुसते वरून नव्हे, जमिनीच्या पोटातूनही पहारा करते.

तिसरा उपयोग घरगुती आहे. खंदक खणताना निघालेली माती फुकट जात नसे. ती आतल्या बाजूला टाकून जमीन उंच करीत. खोदकाम एक, फायदे दोन.

आत जायला खंदकावर उचलता पूल असे. दिवसा पूल खाली, रात्री वर. पूल उचलला की तोच दरवाजावर बसून दुसरी फळी होई. सुसिनिओच्या दरवाजाच्या दोन्ही अंगांना भक्कम गोल बुरूज आहेत. तटाच्या माथ्याशी दगडी सज्जा थोडा बाहेर काढलेला आहे आणि त्याच्या तळाला भोके ठेवली आहेत. तटाच्या अगदी पायाशी आलेल्या शत्रूवर वरून दगड सोडता यावेत, म्हणून ही सोय. बुरुजांना अरुंद, उभ्या फटी आहेत. आपल्या गडांवर त्यांना जंग्या म्हणतात. आतून बाण मारता येतो, बाहेरून आत मारणे कठीण.

भाऊबंदकी आणि लढाई

सन १३४१ मध्ये ब्रिटनीचा ड्यूक तिसरा जाँ वारला. त्याला मूलबाळ नव्हते. गादीवर दोघांनी हक्क सांगितला. एक त्याचा सावत्र भाऊ जाँ द माँफोर, आणि दुसरी त्याची पुतणी जान. पुतणीच्या बाजूने तिचा नवरा शार्ल द ब्लुआ लढायला उभा राहिला. तेव्हा इंग्लंड आणि फ्रान्स यांचे शंभर वर्षांचे युद्ध सुरू झालेले होते. लगेच इंग्रज माँफोरच्या बाजूने आले आणि फ्रान्सचा राजा शार्लच्या बाजूने. घरातले भांडण, त्यात बाहेरचे दोघे पडले. मग ते तेवीस वर्षे चालले. शेवटी १३६४ मध्ये ओरे गावाजवळच्या लढाईत शार्ल मारला गेला आणि माँफोरचा मुलगा चौथा जाँ ड्यूक झाला.

तरी शांतता आली नाही. चौथा जाँ इंग्रजांच्या फार नादी लागला म्हणून त्याच्याच सरदारांनी त्याला सोडले आणि १३७३ मध्ये तो इंग्लंडला पळाला. त्या साली बेर्त्राँ द्यु गेक्लाँ या नामांकित फ्रेंच सेनापतीने सुसिनिओ जिंकून घेतले. सहा वर्षांनी, १३७९ मध्ये, जाँ परत आला. कारण फ्रान्सच्या राजाने ब्रिटनी खालसा करायला घेतली, तेव्हा त्याच सरदारांनी त्याला बोलावून आणले. परत आलेल्या ड्यूकने आणि त्याच्या मुलाने, पाचव्या जाँने, सुसिनिओची मोठी डागडुजी केली. बुरूज भक्कम केले, राहायच्या इमारती वाढवल्या. आज दिसणारा किल्ला बराचसा या बापलेकांच्या वेळचा आहे.

याच किल्ल्यात सन १३९३ मध्ये चौथ्या जाँचा मुलगा आर्तुर जन्मला. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १४१५ च्या अझँकूरच्या लढाईत तो इंग्रजांच्या हाती सापडला आणि काही वर्षे कैदेत राहिला. पुढे सुटल्यावर तो फ्रान्सचा सरसेनापती झाला. १४२९ मध्ये पाते येथे तो जोन ऑफ आर्कच्या सैन्याबरोबर लढला. १४३६ मध्ये त्याने पॅरिस इंग्रजांकडून परत घेतले. घराण्यातले वडीलधारे आणि पुतणे गेल्यावर १४५७ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, तो ब्रिटनीचा ड्यूक झाला आणि जेमतेम सव्वा वर्ष गादीवर बसून वारला.

किल्ला पडला कसा?

आता गुरुजींनी सांगितलेला मुख्य धडा. मी समजत होते की किल्ला तोफांनी पडला असेल. पण सुसिनिओ लढाईत पडला नाही. तो मालक लांब गेल्यामुळे पडला.

पाचव्या जाँनंतर ड्यूकांचा मुक्काम नाँत शहरी जास्त राहू लागला. पुढे ब्रिटनीची गादी ॲन नावाच्या मुलीकडे आली. १४८८ मध्ये ती ड्यूकची वारस झाली तेव्हा अवघी अकरा वर्षांची होती. आपल्या वर्गातल्या मुलींपेक्षाही लहान. तिचे लग्न आधी फ्रान्सच्या एका राजाशी आणि तो वारल्यावर त्याच्यामागून आलेल्या राजाशी झाले. १५३२ मध्ये ब्रिटनी कायमची फ्रान्सला जोडली गेली. ड्यूकच राहिले नाहीत, मग ड्यूकचा वाडा कोण सांभाळणार? सुसिनिओ राजाच्या ताब्यात गेला. राजा तो कधी या माणसाला, कधी त्या माणसाला बक्षीस म्हणून देई. उत्पन्न खायला सगळे, कौले सारायला कुणी नाही.

दोनअडीचशे वर्षे असेच गेले. मग १७८९ ला फ्रेंच राज्यक्रांती झाली. राजाची आणि सरदारांची मालमत्ता सरकारजमा होऊन लिलावात निघाली. १७९८ मध्ये लोरियाँ शहरातल्या एका व्यापाऱ्याने सुसिनिओ विकत घेतला. या लोरियाँ शहराचा आपल्या देशाशी संबंध आहे. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने १६६६ मध्ये तिथे जहाजांची गोदी घातली आणि तिथून जहाजे हिंदुस्थानाकडे निघत. शहराचे नावही त्यावरूनच आले. फ्रेंचमध्ये 'लोरियाँ' म्हणजे पूर्व दिशा.

त्या व्यापाऱ्याला किल्ल्यात राहायचे नव्हते. त्याला दगड पाहिजे होता. खाणीतून दगड फोडायचा म्हणजे सुरुंग, छिन्नी, मजुरी. इथे तर घडवलेला, चौकोनी, तयार दगड रचून ठेवलेला! मग काय, किल्ल्याची खाण झाली. दरवाजाच्या चौकटी, खिडक्यांच्या कमानी, जिन्याच्या पायऱ्या, जे सुटे होईल ते गाडीत भरून गेले. लाकूड गेले. छप्पर गेले. आणि छप्पर गेले की घराचे काय होते ते पावसाळ्यात बापांना विचारा. भिंतीच्या माथ्यातून पाणी आत मुरते, सांध्यातला चुना धुऊन जातो, फटीत बी पडते, मूळ धरते, मूळ जाड होते आणि दगड बाजूला सारते. माणसाने सुरू केलेले काम झाडाने आणि पावसाने पुरे केले.

वाचवला कुणी?

एकट्या माणसाने वाचवला नाही. एकाने पाहिले, एकाने थांबवले, आणि शेवटी सर्वांच्या पैशाने उभा राहिला.

पाहणारा होता प्रॉस्पेर मेरिमे. तो प्रसिद्ध कथालेखक होता. १८३४ मध्ये फ्रान्स सरकारने त्याला ऐतिहासिक वास्तूंचा निरीक्षक नेमले. त्याचे काम काय, तर देशभर हिंडायचे, जुन्या इमारती बघायच्या आणि कुठली पडायला आली आहे ते सरकारला कळवायचे. तेव्हा आगगाड्या नव्हत्याच म्हणा ना. घोड्याच्या गाडीतून तो १८३५ मध्ये पश्चिम फ्रान्समध्ये फिरला आणि सुसिनिओचे भग्न अवशेष त्याने पाहिले. १८४० मध्ये सरकारने ऐतिहासिक वास्तूंची पहिली यादी केली. त्या सुमारे हजार वास्तूंमध्ये सुसिनिओचे नाव होते.

पण यादीत नाव आले म्हणजे दगड जाण्याचे थांबते असे नाही. थांबवले ते १८५२ मध्ये. त्या भागातल्या जुल द फ्रांशव्हील नावाच्या एका गृहस्थाने किल्ला विकत घेतला, तो पाडण्यासाठी नव्हे, राखण्यासाठी. एका कुटुंबाच्या ऐपतीत अख्खा किल्ला दुरुस्त करणे बसणारे नव्हते. पण चोरी थांबली, पडझड लांबली. त्यानंतर शंभरावर वर्षे भिंती उभ्या राहिल्या, म्हणूनच पुढच्यांना काही करता आले.

आणि मग १९६५ साल. त्या वर्षी किल्ला विकत घेतला मॉर्बिहां जिल्ह्याच्या परिषदेने. होय, जिल्हा परिषदेने! आपल्या महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ मध्ये सुरू झाल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी तिकडे एका जिल्ह्याच्या परिषदेने ठरवले की ड्यूकचा वाडा आता लोकांचा. तिकडच्या परिषदेचे नाव २०१५ मध्ये बदलले, पण काम तेच आहे. रस्ते, समाजकल्याण, आणि आपल्या सहावीपासून पुढच्या मुलांच्या शाळांच्या इमारती, हे सगळे तीच परिषद बघते. त्याबरोबर हा किल्लाही.

दुरुस्ती कशी केली?

इथे एक मोठा प्रश्न येतो. पडलेला किल्ला परत पूर्वीसारखा करायचा म्हणजे नक्की कसा करायचा?

फ्रान्समध्येच या प्रश्नाची दोन उत्तरे पाहायला मिळतात. पॅरिसच्या उत्तरेला पिएरफाँ नावाचा किल्ला आहे. तोही पडका होता. एकोणिसाव्या शतकात तिसऱ्या नेपोलियन बादशहाच्या हुकमाने व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने तो जवळजवळ नव्याने बांधला. दिसायला फार सुंदर. पण त्यातले पुष्कळसे त्याच्या कल्पनेतले आहे. पाहणाऱ्याला जुने कोणते आणि नवे कोणते ते चटकन कळत नाही.

दुसरे उत्तर १९६४ चे. त्या वर्षी इटलीतल्या व्हेनिस शहरी अनेक देशांचे तज्ज्ञ जमले आणि त्यांनी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे नियम केले. त्यातले मुख्य नियम मी माझ्या भाषेत सांगते. जिथे पुरावा संपून अंदाज सुरू होतो, तिथे दुरुस्ती थांबली पाहिजे. नवे काही घालावेच लागले तर ते जुन्याशी जुळावे, पण नवे आहे हे ओळखू यावे. म्हणजे जुन्याच्या नावावर नवे खपवायचे नाही. मला हे आपल्या परीक्षेसारखे वाटले. येते ते लिहावे, येत नाही तिथे जागा सोडावी, मनचे घुसडू नये.

सुसिनिओ लोकांच्या मालकीचा झाला तो याच्या पुढच्या वर्षी. तिथे सगळे एकदम बांधून काढलेले नाही. काम वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने झाले. कामाचा क्रम असा असतो.

आधी झाडेझुडपे काढायची. पण वेल ओढून उपटायची नाही, कारण मुळांबरोबर दगडही निघून येतात. खोड कापून मूळ वाळू द्यायचे आणि मग सावकाश काढायचे.

मग भिंतीचा माथा बंद करायचा. पाणी वरून शिरते, म्हणून दुरुस्ती वरून सुरू. सुसिनिओत दरवाजाकडच्या इमारतीवर लाकडी सांगाडा घालून पुन्हा छप्पर चढवले. छप्पर स्लेटच्या दगडाचे आहे. स्लेट म्हणजे तोच दगड ज्याची आपल्या आजी-आजोबांची लिहायची पाटी असायची. त्याचे पातळ पापुद्रे सुटतात. ते माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक ठोकतात, म्हणजे पाणी घसरून जाते.

त्यानंतर सांधे भरायचे, आणि ते चुन्याने, सिमेंटने नव्हे. हे वाचून मला नवल वाटले. सिमेंट तर जास्त टणक! पण टणकपणाच इथे नडतो. जुन्या भिंतीत ओल असतेच. चुन्याच्या सांध्यातून ती हळूहळू बाहेर पडते. सिमेंटमधून ती बाहेर पडू शकत नाही, मग आतल्या आत दगडाला खाते. समुद्राकाठी त्या ओलीत मीठही असते. मीठ दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत साखळते, फुगते आणि दगडाचे कवच उडवते. चुना मऊ असल्यामुळे झिजला तर चुना झिजतो, दगड वाचतो. चुना दहावीस वर्षांनी पुन्हा भरता येतो, सातशे वर्षांचा दगड कुठून आणणार?

मातीखालचा खजिना

दुरुस्तीबरोबर उत्खननही झाले. १९६० आणि १९७० च्या दशकांत किल्ल्याच्या जवळच एका जुन्या प्रार्थनामंदिराचे अवशेष खणले, तेव्हा मातीखाली फरशीच फरशी निघाली. हजारो छोट्या भाजलेल्या फरश्या. त्यांवर प्राणी, पाने, फुले, घराण्यांची चिन्हे आणि कधी कुणी न पाहिलेली, कल्पनेतली जनावरे.

या फरश्या करण्याची रीत आपल्या कुंभारांना लगेच कळेल. लाल मातीची ओली वडी करायची. तिच्यावर लाकडी ठसा दाबायचा, म्हणजे चित्राचा खळगा पडतो. खळग्यात पांढरी माती भरायची. वरून शिशाचा झिलईचा लेप द्यायचा आणि भट्टीत भाजायचे. लाल जमिनीवर पिवळट चित्र उठते आणि फरशी काचेसारखी चकाकते. मंदिर पडले, त्याचा ढिगारा वर बसला, आणि त्या ढिगाऱ्यानेच फरश्या राखल्या. उघड्या राहत्या तर केव्हाच गेल्या असत्या. आता त्या किल्ल्याच्या आत लोकांना पाहायला मांडल्या आहेत.

मला वाटते या फरश्यांमुळे दगड नेणाऱ्यांचे नुकसान नीट कळते. दगड नेणाऱ्याने दगडच नेला असे नाही. दगडाबरोबर तो कुठे होता, कशाला टेकला होता, त्याच्याखाली काय होते ही माहितीही गेली. दगड परत आणता येईल एक वेळ, ही माहिती परत येत नाही.

वर्गात झालेला वाद

लेखाचा कच्चा खर्डा मी वर्गात वाचला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "जिल्हा परिषदेने पडका किल्ला घेण्यापेक्षा शाळेला खोल्या का बांधल्या नाहीत?" निम्मा वर्ग त्याच्या बाजूला गेला. दुसरी बाजू म्हणाली, "खोली आज नाही तर पुढच्या वर्षी बांधता येते. किल्ला पडला की पडला."

गुरुजींनी दोघांनाही बसवले नाही, बोलू दिले. पहिल्या बाजूचे म्हणणे खोटे नाही. ज्या गावात मुले व्हरांड्यात बसतात, तिथे आधी खोलीच पाहिजे. पण मी वाचले त्यावरून मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, मॉर्बिहांच्या परिषदेने शाळा सोडून किल्ला धरला असे नाही. दोन्ही कामे तिच्याकडे आहेत. दुसरी, दुरुस्ती एका वर्षात एकदम केली नाही. दर वर्षी झेपेल तेवढे केले. पाहायला येणाऱ्यांच्या तिकिटाचे पैसे येऊ लागले, सुतार, गवंडी, स्लेट बसवणारे यांना काम मिळाले आणि जुनी कसबे शिकणारी मुले तयार झाली. फ्रान्समध्ये १९८४ पासून दर वर्षी सप्टेंबरात जुन्या वास्तू लोकांना पाहता याव्यात म्हणून खास दिवस पाळतात. त्या दिवसांत एरवी बंद असलेले दरवाजेसुद्धा उघडतात.

आणि सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती कोणती? दगड नेऊ न देणे. तिला पैसे लागतच नाहीत. १७९८ नंतर ते कुणी केले असते तर १९६५ नंतरचा अर्धा खर्च वाचला असता, असे मला वाटते.

आपल्या गावात किल्ला नाही. पण जुनी वेस आहे. माझे आजोबा सांगतात की त्यांच्या लहानपणी वेशीला दोन बुरूज होते. आज एक आहे. दुसऱ्याचे दगड कुठे गेले ते शोधायला लांब जावे लागत नाही. कुणाच्या गोठ्याच्या पायात आहेत, कुणाच्या दारापुढे पायरी म्हणून आहेत. ज्यांनी नेले त्यांना मी नावे ठेवीत नाही. तेव्हा कुणाला त्यात वावगे वाटले नसेल. पण दुसरा बुरूज अजून आहे आणि त्याच्या माथ्यावर पिंपळाचे रोप आले आहे. ते हाताएवढे असताना काढणे सोपे आहे. येत्या ग्रामसभेला जाणाऱ्या पालकांनी एवढे जरूर बोलावे, ही माझी विनंती.

करून पाहा

चुना हवा खाऊन घट्ट कसा होतो? एका काचेच्या भांड्यात चुन्याची स्वच्छ निवळी घ्या. नळीने तिच्यात हळूहळू श्वास सोडा. निवळी दुधासारखी पांढरी होते. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून चुनखडी तयार होते, तिचे ते कण. भिंतीतला चुना हवेतला हाच वायू घेऊन वर्षानुवर्षे घट्ट होत जातो. हा प्रयोग गुरुजींसमोरच करा. निवळी तोंडात ओढू नका आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका.

नवीन शब्द

भुईकोट: सपाट जमिनीवरचा किल्ला.
खंदक: तटाभोवतीचा खोल चर, त्यात बहुधा पाणी असते.
जंगी: तटातली बाण किंवा गोळी मारायची अरुंद फट.
उत्खनन: जुने अवशेष शोधण्यासाठी थराथराने केलेले खोदकाम.
वास्तुविशारद: इमारतीचा आराखडा करणारा.

विचार करा व सांगा

१. पाण्याच्या खंदकामुळे भुयार खणणाऱ्यांची कोणती अडचण होते?
२. सुसिनिओचा किल्ला लढाईपेक्षा शांततेच्या काळात जास्त पडला. का?
३. जुन्या भिंतीला सिमेंटपेक्षा चुना बरा. कारण द्या.
४. मेरिमे, फ्रांशव्हील आणि जिल्ह्याची परिषद, यांच्यातले एकजण नसते तर काय झाले असते?
५. (पालकांसाठी) आपल्या घराच्या पायात किंवा अंगणात एखादा घडीव जुना दगड आहे का? तो मूळचा कुठला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मुलांना सांगा. मुले ते वहीत लिहून ठेवतील.

उत्तरे पुढच्या शनिवारी वर्गात सांगायची आहेत.